पळसाचा रंग सुती कापडाला धरवताना

फाल्गुनात नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या बाजूने सकाळी चालायला गेलं की पायाखाली पळसाची फुलं येतात. वऱ्हाडी बोलणारी आमच्याकडची माणसं त्याला पयस म्हणतात. पिशवीभर फुलं उचलून आणायची, उकळायची आणि पांढरी ओढणी त्यात बुडवायची, एवढंच काम असेल असं मलाही वाटलं होतं. पहिली ओढणी मी तशीच रंगवली. गच्चीवर दोरीवर वाळत घातली तेव्हा शेजारच्या काकू अर्ध्या जिन्यातून परत वर आल्या, ती बघायला. पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी पिवळं झालं आणि ओढणी सायीच्या रंगाची होऊन बाहेर आली.

फुलं चांगली होती. आधीचं काम मी केलं नव्हतं. सुती कापडावर झाडापानांचा रंग टिकणार की नाही, हे रंगाचं पातेलं चुलीवर चढायच्या आधीच ठरलेलं असतं. कापडाची खळ निघाली का, त्याने हिरडा प्यायला का, तुरटी धाग्यात बसली का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून खाली मी या तयारीवरच जास्त लिहिलं आहे. खुद्द रंगवायला एक दुपार पुरते.

कापड आणि वजन

गांधीबागेत कापड घ्यायला गेलात तर मांजरपाट, मलमल किंवा खादी मागा. पहिल्या प्रयोगासाठी मांजरपाट बरा. तो स्वस्त असतो, जरा जाड असतो, आणि बिघडला तरी पिशवी शिवता येते. नुसतं 'कॉटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात पुष्कळदा पॉलिस्टर मिसळलेलं असतं आणि पॉलिस्टर यातला कुठलाच रंग घेत नाही. खात्री करायची तर कडेचे चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो, आणि राख बोटाने चुरली की पूड होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी कडक गोळी उरते.

शिवलेला कुर्ता रंगवणार असाल तर शिवणीचा दोरा बघा. तो बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. कुर्ता पिवळा होतो आणि शिवणी पांढऱ्याफटक राहतात. काहींना ते आवडतं, पण आधी माहीत असलेलं बरं.

कापड कोरडं असताना वजन करा आणि ते वहीत लिहा. पुढची सगळी मापं या कोरड्या वजनावर काढायची आहेत. सोनाराकडे असतो तसा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा एकदा घेऊन ठेवला की काम सोपं होतं. चमचाभर, मूठभर अशा मापाने एकदा छान रंग आला तर तोच पुन्हा काढता येत नाही. खाली मी २०० ग्रॅम कापड धरून मापं दिली आहेत. तुमचं १०० ग्रॅम असेल तर सगळं निम्मं करा.

गंज, बादली, पाणी

आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. रंगाच्या कामाला स्टीलचाच गंज घ्या. लोखंडाच्या भांड्यात रंग काळवंडतो, तांब्या-पितळेच्या भांड्यात त्याची छटा बदलते आणि ॲल्युमिनियम सोड्याला टिकत नाही. एकदा रंगाला घेतलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. माझ्या गंजाच्या कडीला लाल दोरा बांधलेला आहे, म्हणजे घरात कोणी चुकून त्यात भात टाकत नाही. गाळणं, लाकडी दांडा, हातमोजे हेही वेगळे ठेवा. हिरड्याची किंवा कुठलीही पूड मोजताना नाकातोंडावर रुमाल बांधा.

गंज मोठा हवा. कापडाच्या वजनाच्या तीसपट पाणी, म्हणजे २०० ग्रॅमला सहा लिटर, आणि त्यात कापड मोकळं फिरलं पाहिजे. दाटीवाटीने कोंबलेल्या कापडावर घड्यांच्या रेघा उठतात आणि त्या नंतर जात नाहीत.

पाण्याने रंग बदलतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, साबणाचा फेस होत नाही, वर पांढरट साका तरंगतो. नळाच्या पाण्यात तोच पळस जास्त स्वच्छ पिवळा येतो. मंजिष्ठेचं, म्हणजे रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळांचं, मात्र उलट आहे. तिच्या लाल रंगाला पाण्यातला चुना मानवतो, त्यामुळे मंजिष्ठा मी मुद्दाम बोअरच्या पाण्यात करते. जुन्या लोखंडी पाइपातून गढूळ तांबूस पाणी येत असेल तर ते कशालाच घेऊ नका. का, ते हिरड्यापाशी कळेल.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावू देत नाही. नागपुरात ज्याने दुपारी नळ उघडला आहे त्याला हे सांगायला नको. ते फुकट तापलेलं पाणी भिजवण्याच्या सगळ्या कामांना उपयोगी पडतं, गॅस वाचतो.

खळ काढणं

नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. माझे आजोबा तिथे साइझिंग खात्यात होते, म्हणजे ताण्याच्या धाग्यांना खळ पाजणं हेच त्यांचं काम. मागावर ताण्याचे धागे सतत घासले जातात, ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळीचं कवच चढवतात. ते सांगायचे की कोऱ्या कापडावर पाणी ओता, ते आधी ओघळतं, मग जिरतं. खळीखाली कापसाचं स्वतःचं मेणही असतं. या दोन्हींमुळे रंग वरवर बसतो, आत जात नाही. माझ्या ओढणीचं पहिलं दुखणं हेच होतं.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी पाण्याला आंबूस वास येईल आणि हाताला बुळबुळीत लागेल. ती खळ. ते पाणी ओतून द्या, कापड चोळून धुवा. मग गंजात सहा लिटर पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा ४-५ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा, आणि थोडा साधा द्रव साबण घाला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चकाकी घातलेली पावडर किंवा नीळ घातलेला साबण नको. कापड टाकून दीड तास मंद उकळू द्या आणि अधूनमधून दांड्याने खालीवर करा.

पहिल्यांदा हे करताना पाण्याकडे बघत राहा. पांढरं दिसणारं, दुकानातून नुकतं आणलेलं कापड तासाभरात पाण्याला चहाचा रंग आणतं. कोऱ्या खादीचं पाणी तर काळ्या चहासारखं होतं. फार गडद झालं तर ते ओतून नव्या पाण्यात पुन्हा एकदा उकळा.

कापड खळबळून वाळवा आणि मग परीक्षा घ्या. बोटाने पाण्याचा एक थेंब वर सोडा. थेंब क्षणभरही मण्यासारखा उभा राहिला तर काम झालेलं नाही. टेकताक्षणी पसरून जिरला तर कापड तयार आहे. ही परीक्षा मधोमध आणि दोन्ही काठांपाशी घ्या, काठाला खळ चिवटपणे राहते.

रेशीम असेल तर सोडा आणि उकळणं दोन्ही टाळा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतलं की पुरे. रेशमाला आणि लोकरीला हिरडाही लागत नाही, त्या तंतूंना तुरटी थेट धरते. खटाटोप आहे तो कापसासाठी.

हिरडा पाजणं

कापसाच्या धाग्याला तुरटी धरून ठेवायला जागा कमी. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, धाग्याला चिकटतं, टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. ही साखळी लक्षात राहिली की पुढचा क्रम चुकत नाही. आपल्या देशातले रंगारी सुताला हिरडा पाजत आले आहेत ते यासाठी.

इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा मिळतो. बाळहिरडा नको, मोठा घ्या आणि बी काढून कुटलेली पूड मिळाली तर उत्तम. २०० ग्रॅम कापडाला ४० ग्रॅम पूड. लिटरभर गरम पाण्यात ती तासभर भिजवा, फडक्यातून गाळा, आणि तो गाळलेला अर्क कोमट पाण्याच्या गंजात मिसळा. कापड ओलं करून, पिळून, मग टाका. कोरडं कापड टाकलं तर जिथे आधी पाणी लागतं तिथे डाग राहतो. पहिली दहा मिनिटं सतत हलवा, नंतर दोन तास किंवा रात्रभर राहू द्या. पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. कापड फिकट पिवळसर दिसेल आणि हाताला किंचित करकरीत लागेल.

इथे एक धोका आहे. हिरडा प्यायलेल्या कापडाला लोखंड लागलं की ते तिथल्या तिथे काळं पडतं. मी एकदा दोन मीटर मलमल घाईत पत्र्याच्या बादलीत ठेवली. बादलीच्या तळाशी तांबेऱ्याचे चार ठिपके होते. सकाळी मलमलीवर शाईच्या थेंबांसारखे चार डाग होते आणि घडीमुळे त्या चाराचे सोळा झाले होते. त्या डागांवर दुसरा इलाज नव्हता, सगळं कापड मग हिराकसात, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात, बुडवून करडं करावं लागलं. तेव्हापासून हिरड्याला प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचे चिमटे आणि नायलॉनची दोरी.

तुरटी

दाढीनंतर लावायची किंवा गढूळ पाण्यात फिरवायची तीच तुरटी. खडा घेऊन कुटा. ३० ग्रॅम तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात ४ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. आता सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात हळूहळू ओता. फसफसून फेस वर येईल, म्हणून भांडं अर्ध्याहून जास्त भरलेलं नको. फेस बसला की हे गंजातल्या कोमट पाण्यात मिसळा. तुरटीचं पाणी आंबट असतं, सोड्याने तो आंबटपणा उतरतो आणि कापसावर तुरटी जास्त चांगली बसते. सोडा याहून वाढवू नका. वाढला तर पाणी दुधाळ होऊन तुरटी तळाशी बसते आणि कापडाला काही मिळत नाही.

हिरड्याचं वाळलेलं कापड पुन्हा ओलं करून यात टाका, हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी एकदा हलकं खळबळा. फार धुतलंत तर केलेलं निघून जाईल. ते लगेच रंगवा, नाहीतर वाळवून कागदाच्या पिशवीत तारीख लिहून ठेवा. मी खळ, हिरडा, तुरटी ही तीन कामं मोठ्या थानावर एकदाच करते आणि नंतर लागेल तसा तुकडा कापून रंगवते.

उरलेलं तुरटीचं पाणी आणखी एकदा चालतं, निम्मी तुरटी नव्याने घालून.

आधी बारा तुकडे

अख्खी साडी किंवा ओढणी रंगवायच्या आधी एक दिवस तुकड्यांवर घालवा. मला जे काही समजलं ते याच बारा तुकड्यांतून.

वीतभर लांबीचे बारा तुकडे कापा. सगळ्यांची खळ काढा. चार तसेच ठेवा, चारांना नुसती तुरटी द्या, चारांना हिरडा आणि मग तुरटी. पेनाने खूण केली तर ती रंगात विरते, म्हणून कोपऱ्यात टाके घाला. एक टाका म्हणजे नुसतं धुतलेलं, दोन म्हणजे तुरटी, तीन म्हणजे दोन्ही. आता बाराही तुकडे पळसाच्या एकाच पाण्यात, एकाच वेळी रंगवा. बाहेर काढल्यावर प्रत्येक गटातला एक तुकडा तसाच ठेवा, एक चिमूटभर सोड्याच्या पाण्यात दोन मिनिटं, एक लिंबू पिळलेल्या पाण्यात, आणि एक हिराकसाच्या पाण्यात.

वाळल्यावर बाराही ओळीने मांडा, मग प्रत्येकाचा अर्धा भाग कापून साबणाने तीनदा धुवा आणि न धुतलेल्या अर्ध्याशेजारी वहीत टाचा. एका टाक्याचे तुकडे धुतल्यावर जवळपास पांढरे होतात, अगदी माझ्या ओढणीसारखे. दोन टाक्यांचे फिके पडतात पण राहतात. तीन टाक्यांच्या तुकड्यांची दोन्ही अर्धुकं शेजारी ठेवली तर त्यांच्यातला फरक शोधावा लागतो. हे काम हिरड्याचं.

वहीत प्रत्येक तुकड्याशेजारी कापडाचं वजन, फुलांचं वजन, पाणी नळाचं की बोअरचं, किती वेळ, महिना कुठला, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीही बदललं, फुलंही बदलली आणि वेळही वाढवला तर रंग कशाने खुलला ते सांगता येत नाही.

पळसाचं पाणी

झाडावरची फुलं ओरबाडायची गरज नाही. खाली पडलेली, देठाशी ताठ असलेली फुलं उचला. काटोल रस्त्याला आणि रामटेककडे जाताना शेतांच्या धुऱ्यावर पळस भरपूर असतो. राखीव जंगलातून मात्र काही आणू नका. घरी आणून जुन्या चादरीवर सावलीत पसरा. चार-पाच दिवसांत ती कुरकुरीत होतात आणि वर्षभर टिकतात. ताज्या फुलांचं वजन बहुतेक पाण्याचंच असतं, म्हणून माप नेहमी वाळलेल्या फुलांचं धरा. २०० ग्रॅम कापडाला २०० ग्रॅम वाळलेली फुलं पुरतात, गडद हवा असेल तर ४०० घ्या.

फुलं रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी पिवळंजर्द झालेलं असतं. त्याच पाण्यात मंद आचेवर पाऊण तास तापवा. बुडबुडे यायला लागण्याच्या अलीकडे आच धरा, खळाखळा उकळलं की पिवळ्यात मळकटपणा येतो. मलमलीच्या फडक्यातून गाळा आणि फुलं घट्ट पिळा. एकही पाकळी आत राहिली तर ती जिथे चिकटेल तिथे ठिपका पडतो. तीच फुलं पुन्हा पाणी घालून तापवली की दुसरा, जरा फिका अर्क मिळतो, तो पहिल्यात मिसळा.

आता तयार कापड ओलं करून, पूर्ण उलगडून, एका बाजूने सावकाश गंजात सोडा. पहिल्या पंधरा मिनिटांत जागेवरून हलू नका, दांड्याने कापड खालीवर करत राहा. रंग सारखा बसतो की ढगाढगांचा, ते याच वेळात ठरतं. मग आच मंद ठेवून तासभर, आणि गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होईपर्यंत. संध्याकाळी लावलं तर मी रात्रभर ठेवते. पाण्यात दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर रंग नेहमी एक पायरी फिका असतो, म्हणून जरा जास्त गडद वाटल्यावरच काढा.

मे महिन्यात गॅसही लागत नाही. लोणच्याची काचेची बरणी घ्या, त्यात अर्क आणि लहानसा रुमाल घाला, झाकण लावा आणि गच्चीच्या कठड्यावर तीन दिवस ठेवा. दिवसा तापतं, रात्री निवतं, आणि रंग हळूहळू आत उतरतो. माझे सगळ्यात एकसारखे रंगलेले तुकडे या बरणीतले आहेत.

होळीला पळसाच्या पाण्यात चुना टाकून ते केशरी करतात. कापडावरही सोड्याने तसा केशरी येतो आणि पहिल्या दिवशी डोळे दिपतात. पण हा केशरी सोडा असेपर्यंतचा. दोन-चार धुण्यांत तो पिवळ्याकडे परत येतो. केशरी टिकवायचाच असेल तर हिरडा-तुरटीच्या कापडावर आधी मंजिष्ठेचा हलका हात द्या आणि वर पळस चढवा. मंजिष्ठेचं पाणी हात जेमतेम क्षणभर टिकेल एवढंच गरम ठेवा, उकळलं की लालाचा तपकिरी होतो.

हिराकस, जपून

पिवळ्याचा शेवाळी किंवा करडा करायचा तर हिराकस लागतं. २०० ग्रॅम कापडाला फक्त २ ग्रॅम. पाच लिटर गार पाण्यात ते पूर्ण विरघळवा, कापड ओलं करून एकदम सगळं बुडवा आणि हलवत राहा. रंग बदलताना डोळ्यांसमोर दिसतो. मनात दहा मोजेपर्यंत पिवळ्याचा हिरवट होतो, तीस मोजेपर्यंत पावसाळ्यातल्या भिंतीवरच्या शेवाळाचा, आणि पाच मिनिटांनी तो खोल करडा हिरवा होऊन थांबतो. हवा तिथे उचला आणि लगेच तीन पाण्यांतून काढा.

जास्त हिराकस म्हणजे जास्त गडद, असं समजून हात सैल सोडू नका. लोखंडाने सुती धागा कमजोर होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी कापड त्याच जागी विरतं. हिराकस लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. मोरचूद आणि डायक्रोमेट यांचीही नावं कोणी सुचवेल. ती विषारी आहेत, घरात आणूच नका.

हिराकस नको असेल तर तांबेरा चढलेले मूठभर खिळे, गुळाचा खडा आणि पाणी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात सैल झाकून पंधरा-वीस दिवस आंबू द्या. कलमकारीचा काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवूनच करतात. गाळून, मैद्याच्या पातळ खळीत मिसळून हे पाणी ब्रशने हिरड्याच्या कापडावर लावलं तर रेघ ओढताक्षणी काळी उमटते. अक्षरं लिहिता येतात, काठ काढता येतो.

बांधून नक्षी

कापडाखाली हरभरे ठेवून दोऱ्याने आवळून बांधा, ठिपके मिळतात. पंख्यासारखी घडी घालून दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या आणि चिमटे लावले तर चौकटी येतात. बांधायचं कधी, हे आधी ठरवा. खळ काढल्यावर लगेच बांधलंत तर हिरडाही आत जात नाही आणि बांधलेली जागा पांढरी राहते. हिरडा-तुरटीनंतर बांधलंत तर ती जागा हिरड्याची फिकट पिवळी राहते. माझा कल दुसरीकडे आहे, पळसाच्या पिवळ्यात कोरा पांढरा जरा खुपतो. दोरा पूर्ण वाळल्यावरच सोडा.

घरातले इतर रंग

डाळिंबाची साल सगळ्यात विश्वासू. वाळलेली साल कापडाच्या वजनाच्या निम्मी घ्या. तिच्यात स्वतःचंच टॅनिन असतं, त्यामुळे हिरडा वगळला तरी चालतं. मोहरीसारखा पिवळा येतो, हिराकसाने जवळजवळ काळा. कांद्याची सालपटं कॉटन मार्केटात पोत्यांखाली पडलेली असतात, विचारलं की भाजीवाले दादा आनंदाने देतात. त्यांचा रंग सोनेरी येतो. दसऱ्याच्या तोरणांचा झेंडू दुसऱ्या दिवशी फेकू नका, देठ काढून वाळवा. संत्र्याच्या सालीकडून इथे सगळ्यांनाच आशा असते, पण तिचा रंग फारच फिका येतो. ती साल चटणी-मुरंबा करायला ठेवा.

हळदीपासून सावध राहा. ती तुरटीशिवायही झळाळते आणि नवख्याला वाटतं जमलं. पण साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो हे आपण रोजच्या धुण्यात बघतो, आणि उन्हात तो आपोआप उडतो म्हणून आई डाग पडलेला टॉवेल उन्हातच घालते. तीच हळद ओढणीवर वेगळं कसं वागेल? बीट आणि जास्वंदही असेच, चार दिवसांचे.

झाडापानांऐवजी पुडीचे रंग वापरायचे असतील तर कापसासाठी रिॲक्टिव्ह रंग मागा. हे १९५६ मध्ये बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, सोड्याच्या गार पाण्यातही बसतात, आणि त्यांना हिरडा-तुरटी लागत नाही. मात्र पूड श्वासात जाऊ देऊ नका आणि आपल्या उन्हाळ्यात लागेल तेवढाच रंग भिजवा, गरमीत भिजवलेला रंग लवकर निकामी होतो.

हा सगळा रंग हातांनी आणि झाडापानांनी किती चांगला बसू शकतो, हे बघायचं तर वर्ध्याला मगन संग्रहालयात जा. १९३८ पासूनची ती संस्था. तिथली नैसर्गिक रंगांची खादी हातात घेऊन बघितली की आपलं कुठे कमी पडतं ते डोळ्याला कळतं.

उन्हाची आणि धुण्याची परीक्षा

रंगवलेल्या प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा पुठ्ठ्यावर लावा, अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने झाका आणि गच्चीवर आठ दिवस ठेवा. आपलं मे महिन्याचं ऊन दुसरीकडच्या महिन्याभराचं काम आठवड्यात करतं. माझ्या पुठ्ठ्यावर हळदीचा उघडा भाग गेला, पळस आणि कांदा उतरले पण ओळखू येत होते, आणि डाळिंबात झाकलेल्या-उघड्याची रेघ जेमतेम दिसली. त्यामुळे पडद्यांना मी पळस वापरत नाही. ओढणी, रुमाल, उशीचे अभ्रे यांना तो छान.

रंगवलेलं कापड आधी सावलीत वाळवा आणि आठवडाभर न धुता ठेवा, मग पहिलं पाणी द्या. रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात, वेगळं धुवा. लिंबू, चिंच, आमचूर यांचे शिंतोडे सांभाळा. हिराकसाच्या रंगावर लिंबाचा एक थेंब पडला की तिथे फिकट चकती उरते. पावसाळ्यात मी रंगकाम बंदच ठेवते, हिरडा प्यायलेलं कापड चार दिवस दमट राहिलं की त्याला बुरशीचा वास धरतो आणि काळपट ठिपके येतात.

पिळलेली फुलं आणि साली कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात जातात. तुरटीचं उरलेलं पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून मोरीत सोडा. हिराकसाचं पाणी झाडांना, विहिरीत किंवा तलावाच्या नाल्यात ओतू नका. मी ते झाकणाच्या डब्यात 'लोखंड' असं लिहून ठेवते आणि पुढच्या करड्या रंगाला तेच पुन्हा वापरते. पळसाचं उरलेलं पाणी फिकं झालं तरी त्यात एखादा लहान रुमाल घालून बघा. माझ्या वहीतला सर्वांत नाजूक पिवळा असा तिसऱ्या पाण्यातून आलेला आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात तीन टाके आहेत.